खाली जाऊन आणता येत नाही

ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायम असतं : "थांब, खाली जाऊन आणतो." डोकं दुखलं, खाली मेडिकल. अचानक पाहुणे आले, खाली डेअरी. चार्जर बिघडला, खाली मोबाईलवाला. पाचपाखाडी असो, घणसोली असो की नेरूळचा एखादा सेक्टर, जिना उतरला की दोनतीनशे पावलांत बहुतेक सगळं मिळतं. क्रूझची तयारी करताना सगळ्यात आधी ही सवय सोडावी लागते. बोट धक्क्यावरून सुटली की खाली फक्त इंजिनाची खोली आणि तिच्या खाली पाणी. आजोबांची रक्तदाबाची गोळी घरी फ्रिजवर राहिली असेल, तर ती पुढच्या बंदरापर्यंत फ्रिजवरच राहणार.

म्हणून क्रूझची खरी मेहनत घरच्या जेवणाच्या टेबलावर होते. ती नीट झाली तर बोटीवर खरोखरच काही करावं लागत नाही, आणि इतका आराम दुसऱ्या कुठल्या सहलीत मिळत नाही, हे मी मनापासून सांगते.

सुरुवात महिन्यापासून करायची. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात आणि दर्या खुला होतो, पण सहलीच्या प्रवाशाने तेवढ्यावर निघू नये. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र सगळ्यात शांत असतो तो साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दोन मोसम आहेत, पावसाळ्याच्या आधी मे-जून आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे नेमक्या शाळेच्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या. तौक्ते आलं ते मे २०२१ मध्ये, निसर्ग रायगडच्या किनाऱ्याला धडकलं ते ३ जून २०२० ला. दरवर्षी असं होत नाही, आणि हवामान बिघडणार असेल तर कप्तान मार्ग बदलतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण तिकिटाच्या करारातलं एक कलम वाचून ठेवा : बंदर वगळण्याचा किंवा मार्ग बदलण्याचा अधिकार बोटीकडे असतो आणि त्यासाठी भाडं परत मिळत नाही, फार तर त्या बंदराचं शुल्क मिळतं. शाळेच्या सुट्टीत जायचं असेल तर नाताळची सुट्टी मे महिन्यापेक्षा बरी. भाडं चढं असतं, पण समुद्र साथ देतो. आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी कुणाचा साखरपुडा किंवा ऑफिसची मोठी मीटिंग ठेवू नका.

मुंबईहून सुटणारी क्रूझ आपल्याकडे घरोघरी पोचली ती सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट सुरू झाल्यानंतर. पहिल्यांदा जाणाऱ्याने गोव्याची दोनतीन रात्रींची फेरी करावी. बोट मानवते का, गर्दी झेपते का, आईवडिलांना चालणं जमतं का, हे थोड्या पैशांत कळतं. थेट भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ घेऊन तिथे हे शोधणं महाग पडतं.

पैशांचा हिशेब जाहिरातीतल्या आकड्यावरून करू नये. तो आकडा बहुधा एका केबिनमध्ये दोन माणसं धरून माणशी दिलेला असतो. एकटं जाणाऱ्याला जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागू शकतं. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला मात्र सवलत असते. त्यावर बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी येते. ही बक्षिसी परदेशी बोटींवर माणशी दर रात्री १५ ते २० डॉलरच्या आसपास असते आणि खात्यातून आपोआप कापली जाते. चौघांचं कुटुंब, पाच रात्री, म्हणजे तीनशे-चारशे डॉलर नुसते तिथेच. वायफाय, सरबतं आणि मद्य, बंदरावरच्या सहली, वेगळ्या उपाहारगृहातलं जेवण, हे सगळं निराळं. पेयांचं पॅकेज घेण्याआधी साधा भागाकार करा : पॅकेजचा दिवसाचा दर भागिले एका पेयाची किंमत. उत्तर सहा-सात आलं आणि बंदराच्या दिवशी तुम्ही निम्मा वेळ बोटीबाहेर असाल, तर ते पॅकेज तुमच्यासाठी नाही.

आता केबिन. इथे घाई करू नका, कारण सहलीची निम्मी झोप आणि निम्मी तब्येत या एका निवडीवर ठरते. साधी केबिन असते १३० ते १८० चौरस फुटांची, म्हणजे ठाण्यातल्या वन बीएचकेच्या बेडरूमएवढी, आणि त्यातच बाथरूम. आतली केबिन स्वस्त असते. तिला खिडकी नसते, दिवे मालवले की दिवस आहे की रात्र कळत नाही. झोपेपुरतं जाणाऱ्यांना ती पुरते. ज्यांना लिफ्टमध्येही कोंडल्यासारखं होतं त्यांनी ती घेऊ नये.

बोट कुठे किती हलते, हे समजायला एसटी आठवा. मागच्या सीटवर बसलं की प्रत्येक खड्डा पाठीत बसतो, मधल्या सीटवर तोच खड्डा सौम्य लागतो. बोटीचंही तसंच आहे. समोरून लाट आली की पुढचं आणि मागचं टोक सी-सॉसारखं वरखाली होतं, मधला भाग जवळपास जागेवर राहतो. बाजूने लाट आली की बोट डावी-उजवीकडे झुकते, आणि जितके उंच मजल्यावर असाल तितका तो झोका मोठा. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते हे झुकणं बरंच कमी करतात. समोरच्या लाटेने होणारं वरखाली मात्र ते थांबवू शकत नाहीत. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. नेमकी तीच अनेकदा स्वस्त असते. वरच्या मजल्यावरची बाल्कनीची केबिन फोटोत सुंदर दिसते, आणि थेट टोकाला असली तर ज्याला मळमळतं त्याच्या रात्री ती खाते.

मग बोटीचा मजल्यांचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर भटारखाना असेल तर गाड्या ढकलल्याचा. खाली थिएटर असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. अगदी पुढे असाल तर बंदराच्या दिवशी पहाटे नांगराची साखळी सुटते आणि अंथरुणात दचकायला होतं. सगळ्यात शांत जागा म्हणजे ज्या मजल्याच्या वरही केबिन आणि खालीही केबिन. दोन केबिनींना जोडणारं दार असेल तर पलीकडचं बोलणं ऐकू येतं. स्वतःचंच कुटुंब दोन केबिनींत असेल तर मात्र तेच दार सोयीचं. "केबिन क्रमांक नंतर कळवू" अशा स्वस्त तिकिटात यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही.

आजी-आजोबा सोबत असतील तर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. तिसरा-चौथा पलंग बहुधा छतातून खाली उतरतो आणि त्याला शिडी असते, तो आजीसाठी नाही. आणि अनेक बोटींवर बाथरूमच्या दाराला चांगला बोटभर उंच उंबरठा असतो, तोही रात्री अर्धवट झोपेत ओलांडायचा. गुडघ्यांचा त्रास असेल तर अपंगांसाठीची सपाट केबिन सहा-आठ महिने आधी मागावी लागते, कारण त्या मोजक्याच असतात.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास गोम आहे : लग्नानंतरचं नाव. आधारवर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं, आणि बुकिंग करणाऱ्या भाच्याने हौसेने घरात म्हणतात ते लिहिलेलं. परदेशी क्रूझचं बुकिंग पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच हवं, मधल्या नावासकट. मुलांचं नाव शाळेत एक आणि पासपोर्टवर दुसरं, हेही तपासा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. कमी असेल तर वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधी घ्या आणि बोट नंतर बुक करा. ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये.

व्हिसात लोक फसतात ते "एकदाच प्रवेश" या शब्दांवर. सिंगापूरहून बोट पकडली, पेनांग-फुकेत करून परत सिंगापूरला उतरलात, तर तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरलात. बार्सिलोनाहून निघालेली बोट मध्ये तुर्कस्तानला थांबली, तर तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, जाऊन परत आलात. दोन्ही ठिकाणी अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा. "आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही" हे कारण चालत नाही. मार्गावरच्या देशाचा व्हिसा नसेल तर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या बंदरावरच बोटीत घेत नाहीत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आता तारखा जुळवा. परदेशी बोटींचे सगळे पैसे साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावे लागतात आणि त्यानंतर रद्द केल्यास कपात वाढत जाते. म्हणून व्हिसाचा अर्ज या तारखेच्या आधी जायला हवा. तो मागे ठेवला आणि नकार आला, तर बोटीचे पैसेही गेले.

लक्षद्वीपला पासपोर्ट लागत नाही, पण प्रवेशाचा परवाना लागतो. त्यासाठीची कागदपत्रं कंपनीने दिलेल्या मुदतीत पाठवा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा : किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते गुन्ह्यात मोडतं. तो तुकडा तिथे पाण्यातच शोभतो.

गरोदर बाईला बहुतेक मोठ्या कंपन्या २४ वा आठवडा लागला की घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही. कारण साधं आहे : बोटीवर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण रुग्णालय नसतं. प्रवासविम्यात "वैद्यकीय स्थलांतर" आहे का ते वाचा. भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर नेण्याचा खर्च घरच्या मेडिक्लेममध्ये येतोच असं नाही.

आता मराठीतला जुना शब्द : बोट लागणे. कान आत सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरची कपाटं, भिंती स्थिर दिसतात. मेंदूला या दोन साक्षी जुळवता येत नाहीत आणि पोट ढवळून येतं. यातूनच उपाय निघतो. डोळ्यांनाही हलणं दिसलं पाहिजे. मोकळ्या डेकवर मधोमध उभं राहून दूर क्षितिजाच्या रेषेकडे पाहायचं. मोबाईल बंद, पुस्तक बंद, केबिनमध्ये पडून राहणं तर सगळ्यात वाईट. अगदी पडावंच लागलं तर डोळे मिटून उताणं. गोळीच्या बाबतीत चूक वेळेची होते. अॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उलटीबरोबर निघून जाते. ती बोट सुटण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. ती झोप आणते, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती मानवेलच असं नाही, म्हणून घरच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि एकदा घरी रविवारी घेऊन पाहा. आलेपाकाच्या वड्या जरूर ठेवा, आल्याचा उपयोग होतो. रिकामं पोट आणि गच्च पोट दोन्ही घातक, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी बुफेवर तुटून न पडता कोरडं, थोडं थोडं खा.

औषधांचा डबा असा भरा : रोजच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ओआरएस, ताप, जुलाब, पित्त, चिकटपट्टी. हा डबा मोठ्या बॅगेत टाकायचा नाही. मोठ्या बॅगा धक्क्यावर काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येतात संध्याकाळी, कधी रात्री. मधले पाच-सहा तास तुमच्याकडे फक्त खांद्यावरची पिशवी असते. तिच्यात कागदपत्रं, औषधं, चार्जर, मुलांचा एक जोड आणि पोहण्याचे कपडे हवेत. पहिल्या दुपारी तलाव सगळ्यात रिकामा असतो, आणि ज्यांचे कपडे बॅगेत अडकलेत ते काठावर बसून बघतात.

बॅगेत काय नाही भरायचं, त्यामागे एकच भीती आहे, आग. समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. म्हणून इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर, काहीही चालत नाही, स्कॅनरमध्ये दिसतं आणि काढून घेतलं जातं. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारी सोय, असलेला एक्स्टेन्शन बोर्डही नको. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते, बोटीवर बहुधा तसं नसतं, आणि त्या वेगळ्या रचनेत सर्ज प्रोटेक्टर तापून पेट घेऊ शकतो. त्याऐवजी चारपाच यूएसबी तोंडांचा एक चार्जर आणि गोल दोन पिनांचा अॅडॉप्टर घ्या.

एक छोटी वस्तू मात्र आवर्जून न्या : लोहचुंबकाचे हुक. दहा-बारा पुरेत. केबिनच्या भिंती बहुधा पोलादाच्या असतात. टक् करून हुक चिकटतो आणि ओले पोहण्याचे कपडे, टोप्या, गळ्यातली कार्डं, आजोबांची काठी, सगळं जमिनीवरून वर जातं. त्या एवढ्याशा खोलीत चौघं गुण्यागोविंदाने राहू शकतात ते या हुकांमुळे. कपड्यांबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. एक बरा जोड, एक स्वेटर, कारण जेवणघरात एसी कडक असतो, आणि रबरी तळाच्या चपला.

खाण्याचं. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, हे बुकिंगबरोबरच लेखी कळवा, परदेशी बोटींना महिना-दोन महिने आधी. कालनिर्णय उघडून संकष्टी किंवा एकादशी त्या दिवसांत येते का तेही पाहा. उपासाला फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मिळतो, साबुदाण्याच्या खिचडीची आशा धरू नका. बुफेआधी हात साबण-पाण्यानेच धुवा. बोटींवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही.

निघण्याच्या दिवशी बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला कसं पोचायचं, याचा विचार आदल्या रविवारीच करा. निघण्याचा दिवसच रविवार असेल तर आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा, मध्य आणि हार्बर दोन्हींवर. ट्रॉली बॅगा घेऊन सकाळी नऊच्या फास्टमध्ये ठाण्याला चढणं अशक्य आहे. अकरानंतरची, ठाण्याहूनच सुटणारी स्लो धरा, तासाभरात सीएसएमटी, आणि तिथून टॅक्सी. वाशी-नेरूळहून हार्बरने तसंच. गाडीने ठाण्याहून निघालात तर पूर्व द्रुतगती मार्ग, चेंबूर आणि तिथून ईस्टर्न फ्रीवे. उलवे-पनवेलकरांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, २१.८ किलोमीटर, शिवडीला उतरून पुन्हा तोच फ्रीवे. फ्रीवे संपतो त्या ऑरेंज गेटपाशी वाहतूक तुंबते, तिथल्या अर्ध्या तासाची तयारी ठेवा. बोटीत घेणं सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. त्यानंतर आलेल्यासाठी शिडी पुन्हा लावत नाहीत. परदेशातून बोट पकडायची असेल तर विमानाने एक दिवस आधीच पोचा, एका हॉटेलच्या रात्रीचे पैसे वाचवू नका.

बोटीवर चढल्यावर पहिलं काम सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा आवाज मुलांना पाठ करून द्या. आपली जमण्याची जागा एकदा पायी जाऊन पाहा, जिन्याने, लिफ्टने नव्हे. ज्या किनाऱ्याने १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेल्या 'रामदास' बोटीबरोबर सहाशेहून जास्त माणसं गमावली, तिथल्या लोकांना या वीस मिनिटांचं मोल वेगळं सांगायला नको.

मग मोबाईल विमान मोडवर टाका. किनारा मागे पडला की फोन बोटीवरच्या सागरी नेटवर्कला आपोआप चिकटू शकतो, आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. कागदपत्रांचे फोटो, मुलांची गाणी, सगळं घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या. आणि डेकवर या. दक्षिणेकडे वळताना कुलाब्याचं प्राँग्ज दीपगृह दिसतं, पुढे थळच्या समोर खांदेरी. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांतला तो एक. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग याच वाटेवर आहेत, पण बोट दूरवरून आणि रात्री जाते. मुलांना नकाशा दाखवून आत्ता आपण कुठे आहोत ते सांगा. बोट पंधरा नॉट वेगाने चालली तर तासाला साधारण अठ्ठावीस किलोमीटर, हिशेब त्यांनाच करू द्या.

लक्षद्वीपला बोट किनाऱ्याला लागत नाही. ती बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्या माणसं नेतात. जुन्या कोकण बोटीच्या प्रवाशांना यात नवल वाटणार नाही. रत्नागिरीला, जैतापूरला बोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरणं हा प्रवासातला सगळ्यात कसोटीचा क्षण असायचा. तंत्र आजही तेच आहे. दोन्ही हात मोकळे, पिशवी पाठीवर, खलाशाचं मनगट धरायचं आणि होडी लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं, तो सांगेल तेव्हाच. लाट मोठी असेल तर हे उतरणं रद्द होतं. त्या दिवशी चिडू नये, तो निर्णय तुमच्यासाठीच घेतलेला असतो. बंदरावर उतरलात तर परतीची वेळ बोटीच्या घड्याळाने पाळा, फोनमधलं घड्याळ त्या देशाचं झालेलं असतं. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा अकरा-बाराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. उत्साहाने सगळं भरून टाकू नका. सकाळचे कपडे, चपला, औषधं, पासपोर्ट बाहेर राहिले का, हे एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून दाखवायचं. खात्याचं बिल त्याच रात्री तपासा, सकाळी त्या खिडकीपुढे रांग असते.

घरी परतल्यावर दिवसभर, कधी दोन दिवस, जमीन हलल्यासारखी वाटते. ओट्यापाशी चहा गाळताना पायाखाली हळूच झोका येतो, आणि डोळे मिटून केस धुताना तर जास्तच. शरीराने बोटीची चाल शिकून घेतलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. आठवडा उलटूनही तसंच राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर आंघोळीच्या वेळी एक हात भिंतीला ठेवा, आणि पहिल्या दिवशी स्कूटर काढू नका. जे काही लागेल ते खाली पायी जाऊन आणता येतं.